खानदेशातला पहिला उन्हाळा: नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी

मी मूळची चिपळूणची. बारा वर्षांपूर्वी बदली होऊन धुळ्याला आले तेव्हा उन्हाची मला फारशी धास्ती नव्हती. घामाघूम होण्यातच लहानपण गेलेलं. त्याच वर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी दोनच्या सुमारास, बसस्टँडपाशी एका रसवंतीच्या बाकड्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊन मी मटकन बसले. रसवंतीवाल्या दादांनी मानेवर ओला फडका ठेवला आणि विचारलं, "ताई, सकाळपासून पाणी किती प्यायलात?" मला आठवेना. घाम आला नव्हता, म्हणून पाण्याची आठवणच झाली नव्हती.

चूक तिथेच होती. चिपळूणला घाम अंगावर निथळतो. इथेही तो येतो, पण हवा इतकी कोरडी की दिसायच्या आत उडून जातो. संध्याकाळी ओढणीवर मिठाचे पांढरे चट्टे दिसले की कळतं, दिवसभरात अंगातून किती पाणी गेलं ते.

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा आणि मधे तापीचं सखल खोरं. समुद्राचा ओलावा इथवर पोचेपर्यंत सुकलेला असतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जाणं नवलाचं नाही, आणि ४५ म्हणजे हवामान विभागाच्या व्याख्येत थेट उष्णतेची लाट. पण याच कोरडेपणामुळे इथे माठातलं पाणी झकास गार होतं, कूलर चालतो, ओला पडदा खोली निववतो. इथली माणसं ज्या वस्तूंची आणि नियमांची शपथ घेतात त्यातले बहुतेक या एका गोष्टीवर उभे आहेत: पाण्याची वाऱ्याशी गाठ घालून द्या, गारवा आपोआप येतो. हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

१. होळीच्या आत तयारी उरका

मी पहिल्या वर्षी सगळं मे महिन्यात घ्यायला गेले. चांगले माठ संपलेले, कूलर दुरुस्त करणाऱ्याकडे दहा दिवसांची रांग. होळी पेटायच्या आत एवढं घरात हवं:

- दोन माठ आणि लोखंडी तिवई
- कूलर आणि त्याच्या नव्या ताट्या (म्हणजे तीन बाजूंना बसणारं गवत)
- पांढरे सुती मोठे रुमाल, माणशी दोन. दुकानात 'बागायती रुमाल' म्हणून मागा
- झाकणाचा पाण्याचा ड्रम
- ओआरएसची पाकिटं, ताप मोजायचा थर्मामीटर
- गच्चीसाठी चुना
- घरात कुणाला रोजच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स

गोळ्यांचं वेगळं सांगते. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी बाहेर काढतात. उन्हाळ्यात त्यांचा डोस बदलायचा का, हे मार्चमध्येच डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

२. माठ: घेताना, मुरवताना, वापरताना

शेजारच्या जिजींनी मला कुंभारवाड्यात स्वतः नेलं होतं. त्यांनी एकेक माठ डाव्या हाताच्या पंजावर तोलला, उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने टिचकी मारली आणि कान जवळ नेला. खणखणीत, घंटेसारखा नाद आला तर बाजूला ठेवायचा. बदबद आवाज आला तर कुठेतरी तडा आहे किंवा भाजणी कच्ची आहे. मग आत तोंड घालून उजेडाकडे बघायचं, बारीक भोक असेल तर उजेडाचा ठिपका दिसतो. शेवटी बोट ओलं करून बाहेरून लावायचं. चांगला माठ ते ओल पटकन पिऊन टाकतो.

नव्या माणसाची फसगत होते ती रंगीत, गुळगुळीत, चकाकत्या माठांपाशी. नक्षी सुरेख असते, पण रंगाने किंवा पॉलिशने छिद्रं बुजलेली असतात. पाणी झिरपलं नाही तर वाफ होणार कशाची? असा माठ शोभेला चांगला, प्यायच्या पाण्याला नाही. काळा घ्यावा की लाल, यावर इथे घराघरांत वाद आहेत. मी दोन्ही वापरले. भाजणी चांगली असेल तर मला फरक जाणवला नाही.

घरी आणल्यावर पहिला दिवस पाणी भरून नुसता ठेवा आणि ते पाणी झाडांना घाला. दुसऱ्या दिवशी तेच. मातीचा वास बराचसा जातो. या दोन दिवसांत माठ बाहेरून ओलसर दिसला तर उत्तम. खाली थेंब थेंब गळत असेल तर परत न्या. कुंभारदादा सहसा बदलून देतात, पण दोन दिवसांत नेलात तर.

जागा निवडताना मी केलेली चूक टाळा. मी माठ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, ओट्याखाली ठेवला होता. तिथे वारा नाही, वर गॅसची धग. पाणी कोमटच राहायचं आणि मी कुंभाराला बोल लावायचे. जिजींनी तो उचलून ओसरीत, सावलीत पण वाऱ्याच्या वाटेवर ठेवला, खाली तिवईवर ओली वाळू आणि भोवती भिजवलेलं गोणपाट. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच माठातलं पाणी पिताना दात शिवशिवले.

वापरण्याचे नियम थोडे आहेत, पण पाळाच:

- पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं. पेला बुडवायचा नाही.
- दर दोन-तीन दिवसांनी उरलेलं पाणी काढून आतून काथ्याने घासायचं. साबण अजिबात नाही, छिद्रांत शिरला की वास जात नाही.
- माठ पाणी गार करतो, शुद्ध करत नाही. उकळून किंवा गाळून घ्यायचं असेल तर ते आधी.
- दोन माठ आळीपाळीने. एक भरलेला, एक धुऊन पालथा.

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. त्यातला क्षार छिद्रांत बसतो, बाहेरून पांढरी पुटं दिसू लागतात आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तोच माठ निम्मासुद्धा गार करत नाही. म्हणून दरवर्षी नवा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, इथे पितरांच्या नावाने घागर भरतात, आणि कित्येक घरांत त्याआधी आंबा तोंडात घालत नाहीत. तुम्ही भाड्याने राहत असाल आणि त्या दिवशी घरमालकिणीने घागरीच्या पूजेला बोलावलं तर आवर्जून जा. सांजोऱ्या मिळतील, आणि गल्लीतली सगळी माणसं एका दिवसात ओळखीची होतील.

कुणाला इन्सुलिन चालू असेल आणि वीज वारंवार जात असेल तर एक छोटं मडकं त्यासाठी वेगळं ठेवा. कुपी घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत, डबी कोरड्या मडक्यात, ते मडकं ओल्या वाळूच्या मोठ्या मडक्यात, वर ओलं फडकं. फ्रीजची सर त्याला नाही, पण भर दुपारी टेबलावर ठेवण्यापेक्षा कितीतरी बरं.

३. कूलर: बहुतेकांची चूक इथेच होते

एसीची सवय असलेला माणूस कूलर लावतो आणि दारं-खिडक्या गच्च बंद करतो. मीही केलं. पहिला तासभर स्वर्ग. मध्यरात्री गादी दमट, अंग चिकट, श्वास कोंडलेला. सकाळी घरमालक आप्पांना म्हटलं, कूलर बिघडला. ते वर आले, काही न बोलता समोरची खिडकी वीतभर उघडली आणि म्हणाले, "कूलरला मागून वारा लागतो, पुढून वाट लागते."

कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढतो आणि गार करून आत सोडतो. ती हवा ओलावा घेऊन येते. तिला बाहेर पडायला वाट नसेल तर खोलीत ओल साचते आणि थोड्या वेळाने कूलरला वाफ करायला कोरडी हवाच उरत नाही. म्हणून कूलर खिडकीबाहेर किंवा खिडकीच्या तोंडाशी, आणि त्याच्या समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार थोडं उघडं. खोलीच्या मधोमध ठेवलेला कूलर म्हणजे दमटपणा करणारा पंखा.

ताट्या दरवर्षी बदला. जुनं गवत क्षाराने कडक होतं, पाणी एका बाजूनेच वाहतं आणि कोरड्या भागातून गरम हवा तशीच आत येते. वाळ्याच्या ताट्या महाग पडतात, पण पहिल्या पाण्याला जो वास सुटतो त्यासाठी मी एका बाजूला तरी वाळा लावतेच. पंप चालू केल्यावर पाच मिनिटं थांबून तिन्ही ताट्यांना वरपासून खालपर्यंत हात लावून बघा (कूलर बंद करून, पिन काढून). कुठे कोरडी पट्टी लागली तर वरच्या पन्हळीची भोकं तारेने मोकळी करा.

आता विजेचं. हे वाचून सोडून देऊ नका. लोखंडी पेटी, आत पाणी आणि मोटर, खाली ओली फरशी. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात लहान मुलंही असतात.

- तीन पिनांचाच प्लग, आणि घराला खरं अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. भाड्याच्या जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं दिसायला असतं.
- मीटरजवळ ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी बसवून घ्या. गळती होताच ती वीज तोडते. घरमालक खर्च देत नसेल तर स्वतः करा.
- पाणी भरताना, ताटीला हात लावताना आधी प्लग काढायचा. बटण बंद केलं म्हणजे झालं असं मानायचं नाही.
- ओल्या पायांनी, अनवाणी कूलरला हात नाही.

आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी पुसा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास बाहेर पडतो. सात दिवसांच्या आत पाणी काढलं की ती साखळी तुटते. आमच्याकडे हा वार रविवार.

विजेच्या बिलाची चिंता असेल तर घरगुती कूलर साधारण दीडशे ते अडीचशे वॉट घेतो, दीड टनी एसी त्याच्या कितीतरी पट.

४. घर

वरच्या मजल्यावर राहत असाल तर गच्चीला पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्या. छत ऊन परतवतं आणि रात्री खोलीत धग कमी उतरते. खेड्यांत अजून धाब्याची घरं आहेत, जाड मातीच्या छपरांची. त्यात भर दुपारी बसून बघा, सिमेंटच्या स्लॅबखाली राहणाऱ्याला ती गारवा देणारी गुहाच वाटेल.

खिडक्यांचा नियम: सकाळी साडेआठला बंद, पडदे ओढलेले, संध्याकाळी उन्हं उतरली की सगळ्या सताड उघड्या. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून तट्ट्या किंवा हिरवी जाळी बांधा. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, बाहेरची जाळी येण्याआधी.

पाणी. अनेक वस्त्यांत नळ रोज येत नाही, दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा येतो. घर बघायला जाल तेव्हा भाड्याच्या आधी 'पाणी कधी येतं आणि किती वेळ' हे विचारा, आणि घरमालकाला नव्हे, शेजारणीला विचारा. माठ, कूलर, ओला पडदा, सगळा डोलारा पाण्यावर आहे.

५. दिवस इथल्या घड्याळाला लावा

अंगाला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जायला लागतं. म्हणून एप्रिलमध्ये आलात तर पहिले दहा-बारा दिवस उन्हातलं काम हळूहळू वाढवा. पहिल्याच दिवशी फिल्डवर आठ तास उभं राहायला सांगणाऱ्या साहेबांना हे स्पष्ट सांगा.

बाहेरची कामं सकाळी अकराच्या आत, नाहीतर साडेचार-पाचनंतर. शेतावरची माणसं पहाटे जातात आणि अकराला बांधावरच्या सावलीत असतात. बाजारातली बरीच दुकानं दुपारी शटर अर्धं ओढून घेतात. मी पहिल्या वर्षी याला आळस समजले होते, त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं. रात्री आठ ते दहा रस्ते गजबजलेले असतात. दिवस इथे दोन तुकड्यांत जगतात.

आणि उन्हाला नुसता शत्रू मानू नका. याच उन्हावर वर्षाचे पापड, कुरडया आणि ज्वारीचे बिबडे वाळतात, नंदुरबारच्या पथारींवर मिरची लालभडक होते. शेजारी वाळवण असेल तर सकाळी सहाला गच्चीवर जाऊन कामाला हात लावा. साडेसातपर्यंत काम आटोपतं.

६. बाहेर पडताना

पहिल्या वर्षी एकदा पावणेबाराला चप्पल घालताना जिजींनी दारातून हटकलं होतं, "इतला उनमा कोठे चालनी व माय?" आणि पाण्याचा तांब्या हातात दिला. पाणी पिऊनच उंबरा ओलांडायचा, हा त्यांचा नियम आता माझा आहे.

रुमाल ओला करून, पिळून, डोक्यावरून कान आणि मान झाकेल असा बांधा. वाऱ्याने गार होतो आणि वीस मिनिटांत वाळतो, तेव्हा बाटलीतल्या पाण्याने पुन्हा भिजवा. दुचाकीवर हेल्मेटच्या आत हाच रुमाल. कपडे सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे. बंद गाडीत मुलाला पाच मिनिटंही ठेवू नका.

खिशात कांदा ठेवतात, ते तुम्ही ऐकालच. खिशातला कांदा ऊन अडवतो याला आधार नाही, आणि कांदा आहे म्हणून माणूस रुमाल विसरतो हे मी पाहिलं आहे. भाकरीबरोबर बुक्कीने फोडून खा, तो खरा उपयोग.

७. काय प्यायचं, काय खायचं

तहान लागायची वाट बघू नका. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद झाली तर पाणी कमी पडतंय. यापेक्षा सोपी खूण नाही.

सकाळी मीठ-जिऱ्याचं ताक, बाहेरून आल्यावर कैरीचं पन्हं. घाम जास्त गेला, जुलाब झाले, तर ओआरएस. इथे दोन सापळे आहेत. एक, मोठं पाकीट १ लिटर पाण्यासाठी असतं. ते एका ग्लासात ओतून पिऊ नका, आणि चव आवडत नाही म्हणून दोन लिटरमध्येही नको. दोन, दुकानात ओआरएससारख्या दिसणाऱ्या डब्यांत गोड सरबतं मिळतात. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख बघूनच घ्या. पाकीट नसेल तर १ लिटर पाणी, साखर ६ सपाट चहाचे चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. मीठ जास्त पडू देऊ नका.

जेवणाचं एवढंच सांगेन की काळ्या मसाल्याच्या तर्रीची शेवभाजी रात्री खा. मे महिन्यात भर दुपारी शेवभाजी खाऊन लगेच उन्हात जाणं नव्या माणसाला झेपत नाही. दुपारी ज्वारीची भाकरी, ताक, कांदा.

८. ऊन लागलं तर

डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, चक्कर: सावलीत न्या, कपडे सैल करा, पाय थोडे उंच, घोट घोट ओआरएस. बहुतेक वेळा अर्ध्या तासात उतार पडतो. पडला नाही तर दवाखाना.

माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखेना, झटका आला, अंग भाजल्यासारखं तापलं आणि ताप ४० अंश सेल्सिअसच्या (१०४ फॅरनहाइटच्या) वर गेला, तर तो उष्माघात आहे. १०८ ला फोन लावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबून राहू नका. जास्तीचे कपडे काढा, अंगावर पाणी ओता आणि जोराने वारा घाला. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून मान, काखा आणि जांघांत ठेवा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जाईल. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, ती देण्यात वेळ घालवू नका. कांदा हुंगवणं, जोडा हुंगवणं, यातही नाही.

९. मृग लागल्यावर

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आभाळ येतं, हवेत ओल वाढते आणि एका रात्रीत कूलर निकामी होतो. तो बिघडलेला नसतो, हवा आता पाणी प्यायला तयार नसते. पंप बंद करून नुसता पंखा चालवा. या दिवसांत पारा उतरलेला दिसला तरी घाम वाळत नाही, त्यामुळे पाणी आणि ताक चालूच ठेवा.

पाऊस बसला की कूलरची टाकी रिकामी करा, जुन्या ताट्या काढून टाका, पेटी एक दिवस उन्हात कोरडी करा, गंजलेल्या जागी रंगाचा हात मारा, पंपाची जाळी धुऊन जुन्या चादरीत बांधून ठेवा. माठ फोडू नका. तळाला खिळ्याने बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधी अडकवा आणि लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरा. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा भरला, वर परळ झाकला, की झाड आपल्या गरजेपुरतं पाणी ओढत राहतं. माझ्या अंगणात असे सात आहेत.